दप्तर खुले, गुपित बंद

केळापूर तालुक्याच्या कामासाठी पांढरकवड्याच्या कचेरीत खेपा घालणाऱ्या शेतकऱ्यास, सातबारा हा कोणीही पाहावा असा दस्तऐवज आहे, हे सांगावे लागत नाही. युनिक्स वंशाच्या संगणकांतही खातेदारांची अशीच एक उघडी नोंदवही असते, जिच्या प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी विभागलेले सात रकाने असतात. पूर्वी त्यांतील दुसऱ्या रकान्यातच पासवर्डचे गूढरूप लिहिलेले असे. परंतु ते उतरवून घेऊन, घरी बसून, कोशातील एकेक शब्द ताडून पाहणारे निपजले, तेव्हा तेथे केवळ ‘एक्स’ हे अक्षर ठेवून ते गूढरूप ‘शॅडो’ नामक, शून्य क्रमांकाच्या मुखत्याराखेरीज इतरांस न उघडणाऱ्या दप्तरात हलविण्यात आले. मूळ शब्द तेथेही नसतो! शिवाय १९७९ साली मॉरिस व थॉम्सन यांनी वर्णिलेल्या युक्तीनुसार त्यात यादृच्छिक अक्षरांचे ‘मीठ’ मिसळतात, म्हणून दोघांचा पासवर्ड एकच असला तरी गूढरूपे निराळी निघतात.

आणि एवढा बंदोबस्त असता एका कचेरीत मी काय पाहिले? पडद्याच्या कडेस चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी, आणि एकाच नावाने कारभार हाकणारे तीन कारकून. उद्या नोंद बदलली, तर हात कोणाचा, हे कोणती वही सांगणार? प्रत्येक कारकुनास स्वतंत्र खाते द्यावे, आणि ती चिठ्ठी साहेबांनी आजच फाडावी.