आठ दिवसांत गंज चढत नाही

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनआधीच्या आठवड्यात व्यायाम कमी करणं म्हणजे म्हणे परदेशी थेर. शरीराला सुस्तीची चटक लागली की ते गंजतं, कणखरपणा शेवटच्या दिवसांतच घडतो, आणि आदल्या रविवारी एकदा पूर्ण अंतर काढून बघितलं नाही तर आत्मविश्वास येणार कुठून? आमच्या तालमीतले पैलवान कधी ‘टेपर’ करत होते का? एका गुरुवर्यांचा हा सवाल. गोव्याची स्पर्धा जवळ आली की तो दरवर्षी नव्या आवेशात ऐकू येतो, आणि पुण्या-कोल्हापूरकडची हौशी मंडळी तो शिरसावंद्य मानून मिरामारच्या वाळूवर दमलेलेच पाय घेऊन उभी राहतात. गुरुवर्य त्या वेळी घरी असतात.

पैलवानांचा मुद्दा आधी निकालात काढू. कुस्ती मिनिटांत संपते. आयर्नमॅनच्या पूर्ण अंतरात ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर ४२.२ किलोमीटर धावायचं असतं आणि त्यासाठी १७ तास मिळतात. घाम दोन्हीकडे येतो, साम्य तिथेच संपलं.

आता ती आदल्या रविवारची रंगीत तालीम. माझा खरा राग तिच्यावर आहे. गोव्याची स्पर्धा अर्ध्या अंतराची, म्हणजे १.९ पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, एकूण ११३ किलोमीटर. साडेआठ तासांत संपवायचं हे काम गुरुवर्य आठ दिवस आधी फुकटात करून घ्यायला सांगतात. त्यातून मिळतं काय? व्यायामाने शरीर सुधारतं ते व्यायाम करताना नव्हे, नंतरच्या विश्रांतीत, आणि त्याला वेळ लागतो. आज घेतलेल्या मोठ्या कष्टाचं फळ हाती यायला दहा-पंधरा दिवस तरी जातात. म्हणजे ही पेरणी या रविवारी आणि कापणी स्पर्धा होऊन गेल्यावर! नुकसान मात्र रोख. लांब धावण्याने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून यायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर मांड्यांत पूर्वीचं बळ नसतं. जिना उतरताना कठड्याला धरून आडवं पाऊल टाकणारा माणूस पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. असा माणूस चौथ्या दिवशी ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो. बरं वाटणं आणि बरं असणं यांत जो फरक आहे तो त्याला सायकलवरून उतरून धावायला लागल्यावर कळतो, साधारण बाराव्या किलोमीटरला, डोक्यावर ऊन असताना. आणि आत्मविश्वास? तालीम जमली तर दमलेल्या शरीराने उभं राहायचं, फसली तर दमलेल्या शरीराने आणि घाबरलेल्या मनाने. शिवाय पूर्ण अंतर काढायची एवढीच हौस असेल तर त्यासाठी पैसे भरून एक दिवस राखून ठेवलेलाच आहे की. त्या दिवशी वाहतूक अडवलेली असते, पाणी घेऊन माणसं उभी असतात आणि शेवटी पदकही मिळतं.

गंजण्याची भीती हे नुसतं बुजगावणं आहे. पोहणारे, सायकलपटू आणि धावपटू यांच्यावर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत फायद्याची ठरली ती दोन आठवड्यांची उतरण: व्यायामाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवायचं, पण वेग आणि दिवसांची संख्या तशीच ठेवायची. गादीवर लोळत पडा असं कुणीच म्हटलेलं नाही. गुरुवर्य ज्या आळसावर तुटून पडतात तो त्यांनीच उभा केलेला आहे.

कणखरपणाच्या गप्पांना दाखला ठरलेला: १९८२ साली हवाईत अंतिम रेषेच्या काही पावलं अलीकडे कोसळलेली आणि रांगत जाऊन स्पर्धा पुरी केलेली ती तरुणी. तिच्या जिद्दीला माझाही नमस्कार. पण ती तोवर पहिली होती, आणि ती खाली असताना मागची तिला ओलांडून जिंकली, हा भाग व्याख्यानात गाळला जातो.

खरं तर हे भांडण जुनंच आहे, फक्त विषय बदलतो. ज्याचा त्रास होतो ते पुण्य, ही समजूत आपल्याकडे व्रतवैकल्यांपुरती राहिली असती तर माझी तक्रार नव्हती. स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा वाढवण्याची जुनी पद्धत अशीच होती. १९६०च्या दशकात स्कँडिनेव्हियात निघालेली: आधी व्यायामाने शरीर रिकामं करा, मग काही दिवस पिष्ट पदार्थ तोडा आणि शेवटी भरपूर खा. १९८१ सालीच दिसून आलं की तो मधला उपास न करताही साठा जवळजवळ तेवढाच होतो. तरी स्पर्धेच्या आठवड्यात भात सोडून चिडचिड करत फिरणारे महाभाग मी आजही पाहतो. पाण्याचंही तेच. एके काळी धावताना पाणी पिणं हा दुबळेपणा, मग काही वर्षांनी तहान नसली तरी ढोसत राहा हा मंत्र. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत हा धोका मोठा होता. दोन्ही टोकांना सल्लागार तेच, आवाजही तोच.

मग करायचं काय? फार काही नाही, आणि तिथेच अनेकांची अडचण होते. थोडं पोहायचं, थोडी सायकल, थोडं धावणं. प्रत्येकात स्पर्धेच्या वेगाचे दोन-चार झटके, आणि घाम सुकायच्या आत घरी. टँकमध्ये दर पंचवीस मीटरला भिंत ढकलणाऱ्याने दोन दिवस आधी गोव्याला पोचून समुद्रात वीस मिनिटं पोहून घ्यावं, कारण मिरामारला भिंत नाही. शेवटचे दीड-दोन दिवस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं खावीत असं पोषणतज्ज्ञ सांगतात. पासष्ट किलोच्या माणसाला ती नुसत्या भातातून मिळवायची तर दिवसाला सव्वादोन किलोंवर शिजलेला भात लागेल. म्हणून पोहे, केळी, गूळपोळी, सरबत असं वाटून घ्यावं. पास्ताच हवा असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. या खाण्याने वजन किलो-दीड किलो वाढतं. ते पाणी असतं, साठ्याबरोबर येतं. काट्यावर उभं राहून रडू नये.

सायकल बुधवारी उलटी करावी. टायरवरून अंगठा हळूहळू फिरवला की रबरात रुतलेली काचेची कणी लागते. ती टाचणीने उकरून काढावी, नाहीतर तीच शर्यतीत आत शिरते. बुटांखालचे क्लीटचे स्क्रू आवळावेत. पायाची नखं याच दिवशी कापावीत, शनिवारी नव्हे. शनिवारी सायकल जमा केल्यावर ती दुपारभर उन्हात उभी असते, म्हणून हवा थोडी कमी ठेवून पहाटे भरावी. नवे बूट, नवा गॉगल, कुणीतरी प्रेमाने दिलेलं नवं जेल, सगळं पुढच्या महिन्यासाठी ठेवावं.

आणि झोप. शनिवारी रात्री ती लागणार नाही, कुणालाच लागत नाही, पहाटे तीनच्या गजराच्या धास्तीने माणूस दर तासाला घड्याळ बघतो. त्याने फारसं बिघडत नाही, त्याआधीच्या रात्री नीट झोप झालेली असेल तर. तेव्हा शुक्रवारी रात्री नऊला फोन बंद करून टाका. ज्या ग्रुपवर गुरुवर्य आहेत तो गुरुवारीच म्यूट केलात तरी चालेल.