पश्चिमेची भिंत

नागपूरच्या सीमेवर नव्याने वसू लागलेल्या एका वस्तीत माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी भूखंड घेतला असून, सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेली जवळजवळ सगळी रक्कम ते त्यावर घर उभारण्यात घालणार आहेत. गेल्या रविवारी नकाशाची गुंडाळी आणि अंदाजपत्रक घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घर हरित व्हावे एवढीच इच्छा आहे. कुठे चुकत असेल तर निःसंकोच सांगा." अंदाजपत्रकात गच्चीवरील सौर संचाची तरतूद होती, पाच ताऱ्यांची तीन वातानुकूलन यंत्रे होती, नकाशात दिवाणखान्याच्या पश्चिम अंगाला जमिनीपासून छतापर्यंत एकसंध, न उघडणारी काच होती. स्लॅबच्या वर काय घालायचे याविषयी मात्र एकही बाब त्यात नव्हती.

हा दोष एकट्या माझ्या स्नेह्यांचा नाही. विजेची बचत ही दुकानातून विकत आणण्याची वस्तू आहे, अशी आपली समजूत झाली आहे. वस्तुतः भूखंडावर चुन्याची फक्की टाकून पाया आखला जातो, त्या सकाळीच घराच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या वीजबिलाचा पुष्कळसा निकाल लागून गेलेला असतो. नागपूरला डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे ४५ अंशांवर असतो आणि मे-जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्यातले ऊन बाहेर राहते आणि थंडीतले कोवळे ऊन आत येते, इतकी ती दिशा समजूतदार आहे. पश्चिमेची गोष्ट वेगळी. मे महिन्यात सायंकाळी पाच वाजता सूर्य इतका खाली आलेला असतो की तोच दोन फुटांचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम दहा इंच सावली टाकतो, आणि दिवसभर तापलेल्या हवेत भर घालायला ते तिरपे ऊन थेट घरात शिरते. जुन्या लोकांनी या बाजूला पडवी काढली, झाड लावले, कोठीची खोली ठेवली, ते याचसाठी. आजच्या घरात तेथे जिना, न्हाणीघर आणि सामानाची खोली नेली, तर एका पैशाचाही जादा खर्च न होता निजण्याच्या खोल्या त्या झळीपासून वाचतात.

स्लॅबविषयी मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तो अनुभव मी अंगावर काढलेला आहे. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत असे. रात्री दहा वाजता पलंगावर उभे राहून छताला तळहात लावला, तर ते नुकत्याच विझलेल्या चुलीच्या भिंतीसारखे ऊन लागे. दिवसभर प्यालेली उष्णता ते काँक्रीट रात्रभर खाली सोडत राही, आणि पंखा तीच हवा अंगावर लोटी. दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर घरमालकांची परवानगी काढून मी गच्ची झाडून घेतली, आणि चुन्यात डिंक कालवून तिला दोन हात दिले. एवढ्यानेच रात्रीच्या खोलीत पडलेला फरक मला आजही आठवतो. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन आल्या वाटेने परत धाडतो, यापलीकडे त्यात काही शास्त्र नाही. पावसाळ्यात चुना शेवाळाने काळा पडतो आणि दर साली पुन्हा लावावा लागतो. ज्यांना ती दगदग नको, त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी बसवावी. ती उष्णता अडवते, गळतीही थोपवते. अंदाजपत्रकात तिची रक्कम सौर संचाच्या आधी मांडली गेली पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

न उघडणाऱ्या काचेचा तोटा उन्हापुरताच नाही. विदर्भाचा उन्हाळा कोरडा आहे, म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांनी पूर्वी आणि कूलरने आता येथली घरे थंड होतात. कूलरला साधारण दोनशे वॅट वीज लागते, तर दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला त्याच्या पाच-सहा पट. परंतु कूलरने आत लोटलेल्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, आणि जेथे खिडकीच उघडत नाही तेथे तो खोली कोंदट करण्यापलीकडे काही करीत नाही. म्हणजे काचेची निवड करताच यंत्राची निवडही होऊन जाते. हाच सल्ला मी मुंबईत किंवा रत्नागिरीत देणार नाही, कारण तेथील दमट हवेत कूलर व्यर्थ आहे. तेथे आरपार वाहणारा वारा हाच आधार.

नागपूरहून वर्ध्याकडे गेले की सेवाग्राम लागते. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूंचे खाली उतरलेले छप्पर आणि भोवतीच्या ओसऱ्या असलेली बापूकुटी मे महिन्याच्या दुपारीही माणसाला बसू देते. आजच्या गृहस्थाने मातीचे घर बांधावे असे मी म्हणणार नाही. दर साली ते सारवणार कोण? परंतु घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीचे असावे, हे गांधीजींचे सांगणे लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने आयुष्यभर मनाशी धरले आणि केरळात शेकडो घरे त्या धोरणाने बांधली. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतली हवा भिंतीला थंड ठेवते. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आपल्याकडच्या भट्टीच्या वेड्यावाकड्या विटा घेऊन हे काम केले, तर विटांत वाचलेला पैसा मसाल्यात जातो आणि गवंडी वैतागतो तो निराळाच. कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेपासून होणाऱ्या विटा मापात एकसारख्या असतात. या भागात त्या घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उपकरणांविषयी थोडक्यात. जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास आठ महिने चालले, तर वर्षाला साडेसहाशे युनिटांच्या जवळपास बचत होते. सौर संच अवश्य बसवावा. ३ किलोवॅटच्या संचाला केंद्र सरकारच्या २०२४ च्या योजनेत ७८,००० रुपयांचे अनुदान आहे, आणि तो दिवसाकाठी सरासरी बारा युनिटे देतो. मात्र पश्चिमेच्या काचेमागे तीन यंत्रे रात्रंदिवस चालू राहिली, तर ही बारा युनिटे कुठल्या कुठे जातील.

आम्ही दोघांनी मिळून नकाशा पुन्हा मांडला. जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला गेले, कोब्याची बाब अंदाजपत्रकात चढली, यंत्रे तिनावरून एकावर आली, आणि भूखंडाच्या पश्चिम हद्दीवरचा जुना कडुनिंब, जो कंपाउंडच्या भिंतीसाठी तोडावयाचा होता, तो राखण्याचे ठरले. भिंतच दोन फूट आत घ्यावी लागणार आहे. काचेचा प्रश्न तेवढा सुटलेला नाही. वहिनींना संध्याकाळचा सूर्यास्त घरातून पाहावयाचा आहे, आणि त्यांची इच्छा मला अवाजवी वाटत नाही. उघडणाऱ्या पल्ल्यांची साधी खिडकी आणि तिच्यापुढे कडुनिंबाखाली चार खुर्च्या मावतील एवढी ओसरी, अशी तजवीज मी सुचवली आहे. येत्या रविवारी त्या दोघांना जागेवर भेटायचे आहे, सायंकाळी बरोबर पाच वाजता.