विश्लेषण : ‘वाघ दिसलाच पाहिजे’ हा हट्ट कॉर्बेटला किती महागात पडतो?

उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाचा ढिकाला विभाग दरवर्षी 15 नोव्हेंबरच्या सुमारास पर्यटकांसाठी खुला होतो आणि रामनगरकडे गाड्यांची रांग लागते. पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे इथल्या पर्यटनावरच प्रश्नचिन्ह उमटले आहे. जंगल पाहायला जायचे म्हणजे नेमके काय पाहायला जायचे?

कॉर्बेट एवढे महत्त्वाचे का?

हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिक टेकड्या आणि तराईचा सपाट प्रदेश यांच्या सांध्यावर हे जंगल आहे. 1936 मध्ये ‘हेली नॅशनल पार्क’ या नावाने ते भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. पुढे शिकारी, लेखक आणि वन्यजीव रक्षणाचे पुरस्कर्ते जिम कॉर्बेट यांचे नाव त्याला मिळाले. 1 एप्रिल 1973 रोजी ‘व्याघ्र प्रकल्प’ योजनेची सुरुवातही इथूनच झाली. 2022 च्या गणनेनुसार इथे 260 वाघ आहेत. देशातील कोणत्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा हा आकडा मोठा आहे. शिवाय सालवृक्षांची दाट राने, ‘चौड’ म्हणून ओळखली जाणारी गवताळ मैदाने, हत्तींचे कळप आणि रामगंगेतील घडियाल, म्हणजेच सुसरी, हे सारे आहेच.

पाखरोचे प्रकरण काय?

एवढे वाघ असूनही दाट जंगलात सफारीला गेलेल्या प्रत्येकाला वाघ दिसेल याची खात्री नसते. त्यावर उपाय म्हणून बफर क्षेत्रातील पाखरो येथे 106 हेक्टरवर ‘टायगर सफारी’ उभारण्याचे ठरले. कुंपणातले वाघ, त्यामुळे दर्शन हमखास. परवानगी 163 झाडे तोडण्याची होती; भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात मात्र सहा हजारांहून अधिक झाडे तोडली गेल्याचा अंदाज आला. राज्याच्या वन विभागाने हा आकडा मान्य केला नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सीबीआय चौकशीचा आदेश दिला, तर मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे तत्कालीन वनमंत्री आणि वनाधिकाऱ्यावर कडक ताशेरे ओढले.

न्यायालयाने काय सांगितले?

17 नोव्हेंबर 2025 च्या निकालानुसार गाभा क्षेत्रात अशी सफारी करता येणार नाही. बफरमध्येही ती केवळ वनेतर किंवा ऱ्हास झालेल्या वनजमिनीवर, वाघांच्या भ्रमणमार्गाबाहेर आणि जखमी वा संघर्षात पकडलेल्या वाघांच्या बचाव केंद्राला जोडूनच असावी. रात्रीच्या पर्यटनावर बंदी घालण्यात आली आणि गाभ्यातील पर्यटन भागात मोबाइल वापरण्यास मनाई झाली. कॉर्बेटमधील बेकायदा बांधकामे पाडून जंगल पूर्ववत करण्याचेही आदेश आहेत.

मग प्रश्न सुटला का?

नाही. निकाल बेकायदा बांधकाम पाडू शकतो, पर्यटकांची अपेक्षा नाही. ‘वाघ दिसला नाही, पैसे वाया गेले’ हे वाक्य जोवर परतणाऱ्या प्रत्येक जिप्सीत ऐकू येते, तोवर कुणीतरी हमखास दर्शनाचा नवा बेत आखणारच. रामनगरहून मोहानकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कोसी नदीच्या बाजूने रिसॉर्टांची रांग उभी आहे. जंगलातून पाण्यासाठी कोसीवर उतरणाऱ्या हत्तींना ही कुंपणे, दिवे आणि गोंगाट ओलांडूनच जावे लागते. वाट अडलेला हत्ती शेतात शिरतो, तेव्हा किंमत पर्यटक नव्हे, गावकरी मोजतो.

अर्थात पर्यटन बंद करणे हा उपाय नव्हे. वाटाडे, जिप्सीचालक, छोटे ढाबे यांचे पोट त्यावर आहे आणि जंगलात वावरणारी पर्यटकांची नजर शिकारी टोळ्यांनाही थोडा धाक देते. प्रश्न किती गाड्या आत सोडायच्या आणि कमाईतला वाटा गावापर्यंत किती पोहोचतो, हा आहे.

महाराष्ट्राशी संबंध काय?

31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. हट्ट तोच, जंगल फक्त वेगळे.

पर्यटकाने काय करावे?

आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे, मुक्काम हत्तींच्या वाटेवर नाही ना हे विचारावे आणि चालकाला गाडी पिटाळण्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. ढिकालाच्या मैदानावर पहाटेच्या धुक्यात चितळांचा कळप एकाएकी कान टवकारून थबकतो, कुठूनतरी सांबराची धोक्याची हाक येते आणि मग सारे शांत होते. वाघ तिथेच असतो. तो दिसला नाही, तरी जंगल पाहून झालेले असते.