रस्त्यापासून चित्रापर्यंत पायऱ्या किती?

चित्रं पाहायला जाणाऱ्या, आणि जावंसं वाटूनही न जाणाऱ्या सर्वांना नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सातआठ जण मुंबईच्या फोर्टातल्या एका गॅलरीत प्रदर्शन पाहायला निघालो. सोबत आमचे शाळेतले चित्रकलेचे सर होते. वय 74, अर्धांगवायूनंतर चाकाच्या खुर्चीवर असतात. आदल्या दिवशी आमच्यातल्या एकीने फोन करून विचारलं होतं, "लिफ्ट आहे ना?" पलीकडून उत्तर आलं, "हो, आहे." आणि लिफ्ट खरोखरच होती. मात्र तिच्यापर्यंत पोचायला रस्त्यावरून सात दगडी पायऱ्या चढाव्या लागत होत्या. वॉचमन धावत आला, शेजारच्या टपरीवरचा पोऱ्या आला, "उचलतो की आम्ही" म्हणाले. सर म्हणाले, "मी काय गोदरेजचं कपाट आहे का?" मग ते टॅक्सीत बसून राहिले आणि आम्ही मोबाइलवर काढून आणलेले फोटो त्यांनी तिथेच पाहिले. दोन चित्रांच्या रचनेतली चूकही काढली.

त्या दिवशी कुणीच खोटं बोललं नव्हतं. आम्ही प्रश्नच चुकीचा विचारला होता. 'लिफ्ट आहे का' याला 'हो' म्हणता येतं, 'रॅम्प आहे का' यालाही येतं, मग तो रॅम्प मागच्या गल्लीत कुलपाआड असला तरी. तेव्हापासून आम्ही एकच प्रश्न विचारतो: रस्त्यापासून चित्रापर्यंत पायऱ्या किती? याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही. फोन उचलणाऱ्याला उठून मोजाव्या लागतात.

आमचं आवाहन एवढंच आहे. कुठल्याही आर्ट गॅलरीत जाण्याआधी फोन करा आणि हा प्रश्न विचारा. तुमचे पाय धडधाकट असतील तर आवर्जून विचारा. असं का, तर गॅलरीवाल्यांकडून आम्ही पुन्हा पुन्हा ऐकलेलं वाक्य आहे, "तसे लोक आमच्याकडे येतच नाहीत हो." खरं आहे. टॅक्सीत बसून परत गेलेले सर त्यांच्या नोंदवहीत आलेच नाहीत. फोन मात्र कानावर पडतो. एकट्या सरांनी विचारलं तर ती एका माणसाची अडचण ठरते. महिन्याभरात वीस जणांनी विचारलं तर मालकाच्या टेबलावर विषय निघतो.

हे उपकार मागणं नाही, हेही सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 29 मध्ये कला दिव्यांगांसाठी सुगम करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. याच कायद्यातली 'सार्वजनिक इमारत' ही व्याख्या सरकारी इमारतींपुरती नाही. सांस्कृतिक कामासाठी लोक जिथे येतात ती खाजगी जागाही तिच्यात बसते. जुन्या इमारती सुगम करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले जून 2017 मध्ये, मुदत संपली 2022 मध्ये. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, किमान निकष बंधनकारक हवेत. फोनवर हे सगळं ऐकवू नका. उचलणारी बहुतेक वेळा विशीतली सहाय्यक असते, तिने काही इमारत बांधलेली नाही.

पायऱ्यांचा आकडा हाती आला की हिशेब सुरू होतो. रॅम्पचा आपल्याकडचा रूढ निकष एकास बारा असा आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट उतार. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प लागतो. तीन पायऱ्यांना अठरा फूट. त्यामुळे तीन पायऱ्यांवर प्लायवुडची फळी टाकून "झाली सोय" म्हणणारे भेटले तर त्यांना त्या फळीवरून एकदा सामानाची भरलेली ट्रॉली चढवून दाखवायला सांगा. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर माणसासकट दीडशे किलोच्या घरात जाऊ शकते, ती कुणी उचलायची नसतेच. एकदोन पायऱ्या असतील तर घडीचा रॅम्प ठेवता येतो. तो कुणाकडे ठेवलेला असतो आणि शनिवारी तो माणूस सुटीवर असतो का, हेही विचारून घ्या.

दाराची रुंदी विचारा. नव्वद सेंटिमीटर मोकळी हवी. आणि शौचालय! आम्ही हे शेवटी विचारायचो, आता पायऱ्यांच्या पाठोपाठ विचारतो. ज्येष्ठ मंडळी दक्षिण मुंबईत यायला का कू करतात त्यामागे कलेविषयी अनास्था नसते, मूत्राशयाचा प्रश्न असतो. सोय नसेल तर जवळ कुठे आहे ते आधी कळलं तरी निम्मी चिंता जाते.

इमारतींबद्दल थोडं. काळा घोडा परिसरात एकाच चौकाभोवती अगदी वेगवेगळ्या काळातल्या जागा आहेत. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, दुर्गा बाजपेयींनी आराखडा केलेली, पुढे ते लाटेसारखं काँक्रीटचं छत. तिथे प्रवेश विनामूल्य असतो आणि प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात. समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय 1911 च्या कावसजी जहांगीर सभागृहाच्या पोटात 1996 मध्ये उघडलं. अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक रचलेली, त्यामुळे तिथे आपला प्रश्न मजल्यागणिक विचारायचा. खाजगी गॅलऱ्यांचं आणखी वेगळं. केकू आणि खोर्शेद गांधींनी 1963 मध्ये जहांगीरच्या वरच्या मजल्यावर सुरू केलेली केमोल्ड आता प्रिस्कॉट रोडवर तिसऱ्या मजल्यावर आहे. फोर्ट-कुलाब्यातल्या कितीतरी गॅलऱ्या अशाच जुन्या इमारतींत वरच्या मजल्यांवर आहेत, आणि त्या इमारतींच्या लिफ्ट ब्रिटिशांच्या काळातल्या वाटाव्यात इतक्या अरुंद असू शकतात. लिफ्टच्या आतली लांबी-रुंदी विचारायला लाजू नका.

पोचायचं कसं? ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत धावते आणि हुतात्मा चौक स्थानक काळा घोड्याच्या जवळ आहे. लोकलच्या दिव्यांग डब्यात गर्दीच्या वेळी काय चालतं ते मुंबईकरांना सांगायला नको, त्यामानाने हे सुखाचं. पण लिफ्ट स्थानकाच्या प्रत्येक दाराशी असेलच असं धरून चालू नका. कुठल्या दाराशी आहे ते उतरण्यापूर्वी विचारून ठेवा. शेवटचा टप्पा मात्र फुटपाथचा. उखडलेले पेव्हर ब्लॉक, आणि मोटरसायकली चढू नयेत म्हणून तोंडाशी रोवलेले स्टीलचे खांब, जे मोटरसायकलला वाट देतात आणि खुर्चीला अडवतात. आमच्यापैकी एक जण आदल्या आठवड्यात तो रस्ता पायी चालून येतो आणि फोटो काढतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावर अख्खी दुपार अवलंबून असते.

आत गेल्यावर पहिल्यांदा बाक शोधा. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि टेकायला काही नाही, अशी रिकामी जागा कलेला शोभते असा एक समज आहे. गुडघे दुखणाऱ्याला तिथे दहा मिनिटं काढणं कठीण. जहांगीरमधलं समोवार हे उपाहारगृह 2015 मध्ये बंद झालं तेव्हा पुष्कळांना आठवणींचे उमाळे आले. आमच्या सरांना मात्र तिथला चहा आठवत नाही. तिथे बसता यायचं, हे आठवतं. गॅलरीत दोन खुर्च्या मागा. मिळतात. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, फक्त मागावं लागतं.

चित्रं उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगतात. बसलेल्या माणसाची नजर त्याहून फूटभर तरी खाली असते, आणि काचेच्या फ्रेमवर दिव्याचं प्रतिबिंब नेमकं तिथे पडतं. आडव्या काचपेटीत ठेवलेली रेखाटनं तर खुर्चीवरून दिसतच नाहीत, दिसते ती पेटीची कड. भिंतीवरचा मजकूर राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात आणि बहुतेक ठिकाणी केवळ इंग्रजीत. याला आम्ही पायरीच म्हणतो. नागपूर-कोल्हापूरहून आलेल्या, डोळे आणि पाय शाबूत असलेल्या माणसालाही ती चढता येत नाही. मोठ्या अक्षरातला मराठी मजकूर मागा, कागदावर नसेल तर फोनवर पाठवायला सांगा. व्हिडिओची कलाकृती असेल तर संवादांना अक्षरं आहेत का, प्रकाश लपलपतो का, आवाज किती मोठा आहे, अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर वायर आहे का, हे विचारून घ्या. अपस्माराचा त्रास असणाऱ्याला लपलपता प्रकाश धोक्याचा ठरू शकतो. गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलांना आधी जागेचे फोटो दाखवून ठेवले आणि मंगळवार-बुधवारी दार उघडताच नेलं, तर दालन जवळजवळ त्यांचंच असतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी कुणीच जाऊ नये असं आमचं मत आहे. चित्रांपुढे पाठी असतात.

आता जिथे रॅम्पचा काही उपयोग नाही अशा गोष्टीकडे येतो. आमच्यात एक मैत्रीण आहे, जन्मापासून तिला दिसत नाही. ती प्रदर्शनाला येते म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर जातात. त्यांनी विनोदबिहारी मुखर्जींची गोष्ट ऐकलेली नसते. शांतिनिकेतनच्या या चित्रकाराची दृष्टी जन्मापासून अधू होती आणि पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं रचली, शिल्पं केली, कलाभवनात टाइल्सचं भित्तिचित्र उभारलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी 1972 मध्ये त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला. करणाऱ्याला इतकं जमतं, तर पाहणारीला का नाही?

पण तिला चित्र सांगायचं कसं, हे आम्हाला येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "फार सुंदर आहे." ती म्हणाली, "ते मी ठरवीन. आहे काय ते सांग." मग हळूहळू शिकलो. आधी आकार: दोन्ही हात पसरले तरी कडा लागणार नाहीत एवढं, की पोस्टकार्डाएवढं. मग घड्याळाच्या आकड्यांनी जागा: दोनच्या बाजूला काळा डाग, सहाच्या खाली काही नाही. रंग टाळू नका. पिवळा म्हटल्यावर ती विचारते, "हळदीचा की लिंबाचा?" रंग तिने पाहिलेला नसला तरी हळद तिच्या बोटांना माहीत आहे. मग पृष्ठभाग, मग ते कसं केलं असेल याचा अंदाज. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारापुढे तर हेच हाताशी उरतं, कारण तिथे माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. रंगाचे थर रोलरने दिलेले आणि सुरीने खरवडलेले, असं सांगितलं की तिला ते कळतं. घराची भिंत रंगवताना तो आवाज तिने ऐकलेला असतो. हे सांगताना मीच पहिल्यांदा गायतोंडे दहा मिनिटं सलग पाहिले. एरवी अर्ध्या मिनिटात पुढे सरकलो असतो.

स्पर्शाचं विचारा, पण विचारल्याशिवाय हात लावू नका. समकालीन कलाकृतींत काही हाताळण्यासाठीच केलेल्या असतात, आणि कलाकार स्वतः हजर असला तर बरेचदा साहित्याचा तुकडा काढून हातात देतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर निदान पंधरा दिवस आधी सांगा. आयत्या वेळी तो मिळत नाही.

सोबत जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. काउंटरवरचा माणूस खुर्चीवरच्या माणसाकडे न पाहता तुम्हाला विचारेल, "यांना चहा चालतो का?" उत्तर देऊ नका. गप्प राहा आणि सरांकडे बघा. सर म्हणतात, "चालतो. बिनसाखरेचा."

शेवटी लिखापढी. जाऊन आल्यावर एका कागदावर तारीख घालून टिपून ठेवा: पायऱ्या, दार, लिफ्ट, शौचालय, बाक, मजकुराची भाषा. एक प्रत गॅलरीत द्या, एक आपल्या सोसायटीच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावर लावा. तारीख महत्त्वाची, कारण प्रदर्शन बदललं की मांडणीही बदलते. गेल्या महिन्यात मोकळा असलेला मार्ग या महिन्यात एखाद्या मांडणशिल्पाने अडवलेला असतो. पुण्यात, नाशकात, पणजीत, जिथे असाल तिथून सुरुवात करा. चांगलं सापडलं तर तेही लिहा, आणि त्या गॅलरीला फोन करून सांगा.

आमच्याकडे आजवर अकरा ठिकाणांचे कागद जमले आहेत. सरांच्या पिशवीत आता चष्म्याशेजारी मोजपट्टी असते. त्या सात पायऱ्यांच्या गॅलरीला आम्ही दर महिन्याला फोन करतो. मागच्या वेळी तिथली मुलगी आमचा आवाज ओळखून म्हणाली, "सातच आहेत अजून. पण सुतार येऊन माप घेऊन गेलाय."

आपले,
चित्रं पाहायला जाणारे काही मुंबईकर