बाटलीवरची बारीक ओळ

गेल्या पंधरवड्यात कात्रज येथील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. त्यांच्या मातोश्रींना दोन वर्षांपासून विस्मरण जडले आहे. त्यांनी खिशातून एक छापील कागद काढला. त्यावर ‘सॉर्ला’ या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाची, म्हणजे अँटीबॉडीची, माहिती होती. किंमत हजारांत. “डॉक्टर, अल्झायमरशी याचा संबंध आहे म्हणे. मी मागवतो, इंजेक्शन तुम्ही द्याल ना?”

संबंध आहे, हे खरे. चेतापेशीत प्रथिने अखंड तयार होतात आणि कोणते कोणत्या कप्प्यात जावे, याची वाटणी पेशीच्या आतच चालते. पेशवाईत आपल्या कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरातल्या हौदांत पोहोचत असे, तसेच काहीसे. सॉर्ला हा या वाटेवरचा पाटकरी. ‘एपीपी’ नावाच्या प्रथिनाचे तुकडे होऊन जेथे बीटा-अमायलॉइड बनते, त्या कप्प्यापासून तो त्याला दूर वळवतो. सॉर्लाच्या जनुकातील काही फरकांचा उतारवयातील अल्झायमरशी संबंध असल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले.

परंतु कागदावरचे प्रतिपिंड या पाटकऱ्याच्या मदतीला येत नाही. ते त्याला नुसते चिकटते. त्यास चमकणारा रंग जोडला, की काचपट्टीवरच्या पेशीत सॉर्ला कोठे आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अशी प्रतिपिंडे बहुधा सशापासून किंवा उंदरापासून मिळवतात. पुण्यातील पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांतही ती नित्याची आहेत. त्यांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. ही ओळ उपचारिकता नव्हे. माणसाला टोचण्यासाठी लागणारी शुद्धता त्या द्रावणात तपासलेली नसते आणि ते टिकावे म्हणून पुष्कळदा सोडियम अझाइड घालतात, जे विषारी आहे.

औषध म्हणून बनवलेली प्रतिपिंडे निराळी. अमायलॉइडविरुद्धच्या लेकॅनेमॅबला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली. पण ते आजाराच्या आरंभीच्या टप्प्यासाठीच आहे, त्याने आजार बरा होत नाही, आणि मेंदूला सूज वा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागतो.

गृहस्थ हिरमुसले. आईसाठी काहीतरी करावे, ही तळमळ मला दिसत होती. मी त्यांना मातोश्रींच्या सगळ्या औषधांची पिशवी आणावयास सांगितले. (हे काम प्रत्येक घरी वर्षातून दोनदा तरी व्हावे.) पिशवीत झोपेच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली, दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहिलेली. नावे वेगळी, आतले औषध एकच. मातोश्री रोज दोन्ही घेत होत्या. अशा गोळ्यांनी वृद्धांची स्मृती अधिकच मंदावते, तोलही जातो. मात्र त्या एकदम बंद करणेही धोक्याचे. आम्ही मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवीत आहोत. बी-12 आणि थायरॉइडसाठी रक्त दिले आहे, कानांची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तो कागद मात्र गृहस्थांनी माझ्याच टेबलावर ठेवला.