टाळीवरचा पहारा

३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारताचा संघ पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. विजयासाठी २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२ अशा दुरवस्थेतून सचिन तेंडुलकरने पाठीच्या दुखण्याला न जुमानता नयन मोंगियाच्या साथीने डाव सावरला. त्याने १३६ धावा काढल्या आणि विजय १७ धावांवर आला असताना सकलेन मुश्ताकला उंच फटका मारण्याच्या प्रयत्नात तो बाद झाला. उरलेले तीन गडी चार धावांत गारद झाले. सारे मैदान सुन्न झाले. परंतु काही क्षणांतच हजारो प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी पाकिस्तानच्या संघाला टाळ्यांच्या कडकडाटात मानवंदना दिली. वासिम अक्रमच्या संघाने त्या टाळ्या स्वीकारीत मैदानाला फेरी मारली.

हा सामना चेन्नईत झाला त्यालाही एक कारण होते. तो व्हायचा होता दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर. त्याच महिन्यात शिवसैनिकांनी तेथील खेळपट्टी उखडली होती. ऑक्टोबर १९९१ मध्ये त्यांनी मुंबईच्या वानखेडे मैदानावर हाच पराक्रम केला होता. १९९९ च्या जानेवारीतच मुंबईत क्रिकेट नियामक मंडळाच्या कार्यालयात मोडतोड झाली आणि कपिलदेवच्या संघाने जिंकून आणलेल्या १९८३ च्या विश्वचषकालाही त्यात धक्का पोचला. एकीकडे कुदळी घेऊन आलेले मूठभर लोक आणि दुसरीकडे तिकीट काढून आलेले हजारो सामान्य नागरिक. यांपैकी भारत कोणता, हा प्रश्न तेव्हा चेपॉकने निकालात काढला होता. आज तो पुन्हा विचारावा लागत आहे, कारण दरम्यानच्या काळात कुदळीची जागा पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीने घेतली आहे.

टाळीचा गुन्हा

१८ जून २०१७ रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरविले. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील मोहद या गावी फटाके वाजवले, घोषणा दिल्या, असा आरोप ठेवून १५ मुसलमानांना अटक झाली आणि त्यांच्यावर राजद्रोहाचे कलम लावण्यात आले. ज्याच्या नावे फिर्याद नोंदली गेली, त्या हिंदू गावकऱ्यानेच आपण अशी फिर्याद दिली नसल्याचे सांगितले. काही दिवसांतच राजद्रोहाचे कलम मागे घ्यावे लागले. पण खटला चालूच राहिला आणि निर्दोष सुटका व्हायला २०२३ साल उजाडले. मजुरी करून पोट भरणाऱ्या माणसांची सहा वर्षे तारखांपायी गेली. ती त्यांना कोण परत करणार?

ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईला पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरविले, तेव्हा आग्र्यात शिकणाऱ्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना भ्रमणध्वनीवर पाठवलेल्या मजकुरावरून अटक झाली. तेथील वकील संघटनांनी त्यांचे वकीलपत्र न घेण्याचे जाहीर केले! खुनाच्या आरोपीलाही बचावाचा हक्क आहे असे सांगणारा हा व्यवसाय, खेळाडूच्या कौतुकापुढे मात्र त्याचे तत्त्व थिटे पडले. मार्च २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या मुलांना जामीन दिला. भारताची एकता वाऱ्याच्या झुळकीने वाकणाऱ्या बांबूसारखी नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदविले. जे न्यायमूर्तींना उमगले ते ठाणेदाराला उमगू नये, यात नवल नाही. ते स्वतःस राष्ट्रवादी म्हणविणाऱ्यांना उमगू नये, याचा अर्थ त्यांचा स्वतःच्या राष्ट्रावरच पुरेसा विश्वास नाही.

हद्द कोणी आखली?

आपल्या माणसांसाठीच टाळी वाजवावी, हा दंडक घालून देणाऱ्यांना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ‘आपली माणसे’ म्हणजे कोण? आणि केव्हापासून?

आमच्या मुंबईत १९४६ पर्यंत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि ‘शेष’ अशा धर्मवार संघांचे पंचरंगी सामने होत असत. खेळाच्या मैदानावर जातीय विभागणी नको, असे गांधीजींनी १९४० साली बजावले होते. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्न मैदानावर हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंटच्या २५० होत्या. समोर ‘शेष’ संघाकडून खेळत होता सांगलीचा विजय हजारे हा मराठी ख्रिस्ती तरुण. त्याचा संघ दुसऱ्या डावात ३८७ धावांत बाद झाला, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेच्या होत्या! हिंदू संघ डावाने जिंकला, पण त्या सामन्याची आठवण काढणारा माणूस आजही प्रथम हजारेचे नाव घेतो. त्या दिवशी हजारेसाठी टाळी वाजवणारा हिंदू प्रेक्षक धर्मद्रोही होता काय? पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तो याच चेपॉकवर, आणि त्या भारतीय संघाचा कर्णधार होता विजय हजारे. आठ वर्षांपूर्वीचा ‘परका’ आता साऱ्या देशाचा झाला होता. हजारेची बॅट तीच होती; हद्द तेवढी बदलली होती.

हद्द उलट दिशेनेही सरकली. अब्दुल हफीज कारदार १९४६ साली भारताच्या संघातून इंग्लंडला खेळून आला, आणि १९५२ साली पाकिस्तानचा पहिला कर्णधार म्हणून दिल्लीच्या मैदानावर उतरला. १९४६ साली त्याच्या फटक्याला दाद देणे देशभक्ती आणि १९५२ साली तोच फटका तसाच मारला तर दाद देणे देशद्रोह, असा न्याय कोणत्या शहाण्याने करावा?

आणि हद्द केवळ धर्माची किंवा देशाचीच असते असेही नाही. पळवणकर बाळू या चर्मकार समाजातील फिरकी गोलंदाजाने पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानावर राबत क्रिकेट आत्मसात केले. हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरविण्यासाठी त्याचा हात हवा होता. चहा मात्र त्याला इतरांपासून दूर, वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला लाभले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही मोठ्या झगड्यानंतर. बाळू ‘आपल्या’ संघात होता आणि तरी ‘आपला’ नव्हता. आज ‘आपल्यांसाठीच टाळी’ म्हणून गर्जना करणाऱ्यांचे पूर्वसूरी त्या वेळी चहाचे भांडे वेगळे ठेवीत होते, याचे विस्मरण होऊ देता कामा नये.

याउलट उदाहरण पाहा. १९६०-६१ मध्ये फ्रँक वॉरेलचा वेस्ट इंडीज संघ ऑस्ट्रेलियात गेला. एका संपूर्ण मालिकेसाठी या संघाचे नेतृत्व काळ्या माणसाकडे सोपविण्याची ती पहिलीच वेळ, त्यासाठी सी. एल. आर. जेम्स या मार्क्सवादी विचारवंताने आपल्या वृत्तपत्रातून मोहीम चालवली होती. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांखेरीज इतरांना वसाहतीस मज्जाव करणारे धोरण तेव्हा अंमलात होते. वॉरेलचा संघ मालिका हरला. तरीही निरोपाच्या दिवशी मेलबर्नचे रस्ते त्याला पाहण्यासाठी माणसांनी फुलून गेले. सरकारने ज्यांना दार लावले होते, त्यांच्यासाठी जनतेने रस्ता मोकळा केला. पुढच्याच वर्षी बार्बाडोसमध्ये चेंडू डोक्यावर आदळून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारी पोचला, तेव्हा त्याच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार वॉरेल होता. बंगालमध्ये आजही त्याच्या नावाने रक्तदानाचा दिवस पाळला जातो.

आक्षेप आणि ढोंग

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. चेपॉकच्या टाळ्यांनंतर चारच महिन्यांत कारगिल झाले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबई रक्ताने माखली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली. ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांना टाळ्यांचे तत्त्वज्ञान कोणत्या तोंडाने सांगावे? त्यांचा संताप न्याय्य आहे, आणि त्याची कुचेष्टा करणारा समाजवादी नव्हे. परंतु टाळीने युद्ध थांबते असे कोणी म्हटले होते? टाळी एवढेच सांगते की, समोरच्या माणसाने एक गोष्ट उत्तम केली आणि ती मी पाहिली. खुनी टोळ्यांना पोसणाऱ्या लष्करशहांचे पाप जावेलिन फेकणाऱ्या मजुराच्या पोराच्या माथी मारल्याने त्या लष्करशहांचे काय बिघडते?

बहिष्काराचे शस्त्र आम्हाला अमान्य नाही. १९७४ साली भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना सोडून दिला, कारण समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती. हाती आलेला चषक गमावला, परंतु भूमिका स्वच्छ होती. तिची तुलना सप्टेंबर २०२५ मधील दुबईच्या आशिया चषकाशी करून पाहा. पाकिस्तानशी एकदा नव्हे, तीनदा सामने खेळले गेले. जाहिराती झाल्या, प्रक्षेपणाचा पैसा वाहिला, फक्त खेळाडूंनी हस्तांदोलन करायचे नाही! शत्रूशी धंदा चालतो, त्याचा हात चालत नाही. खेळायचे नसेल तर खेळू नका. तसा निर्णय घ्या, लोकसभेत त्याचे समर्थन करा, आणि त्यातून होणारा तोटा सोसा. गल्ला भरून घ्यायचा आणि राष्ट्राभिमानाची जबाबदारी मात्र खेळाडूंच्या तळहातांवर टाकायची, याला ढोंग याखेरीज दुसरा शब्द नाही.

हे ढोंग नवे नाही. २००८ साली धनिकांच्या साखळी स्पर्धेचा पहिला मोसम झाला, तेव्हा पाकिस्तानी खेळाडूंवर बोली लागल्या. जयपूरच्या संघाने विजेतेपद मिळविले आणि त्या मोसमात सर्वाधिक बळी घेणारा सोहेल तन्वीर त्याच संघात होता. तिकिटे विकली जात होती तोवर त्याच्यासाठी वाजणाऱ्या टाळ्या कोणालाही खुपल्या नाहीत. जानेवारी २०१० च्या लिलावात वारा फिरला आणि एकाही पाकिस्तानी खेळाडूवर कोणी बोली लावली नाही. म्हणजे मालकाने विकत घेतलेले कौतुक ते शुद्ध, आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्याने फुकट केलेले कौतुक तो राजद्रोह! भांडवलदाराला टाळीची किंमत ठाऊक असते, जमातवाद्याला टाळी वाजवणाऱ्याचा धर्म तेवढा ठाऊक असतो. दोघांनाही ती मोकळी राहिलेली नको आहे.

दोन माता

८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले आणि आपल्या नीरज चोप्राला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले. त्या रात्री हरयाणातील खेड्यात नीरजच्या आईने सांगितले की, सुवर्ण जिंकणाराही आमचाच मुलगा आहे. तिकडे अर्शदच्या आईनेही नीरजबद्दल तसाच जिव्हाळा व्यक्त केला. साऱ्या देशाने या माउलीला तेव्हा डोक्यावर घेतले. आठच महिन्यांनी, नीरजने बंगळुरातील आपल्या स्पर्धेचे निमंत्रण अर्शदला धाडले म्हणून त्याच्यावर आणि त्याच्या आईवरही शिव्यांचा भडिमार झाला. निमंत्रण पहलगामच्या हत्याकांडाआधी गेले होते, हे त्याला जाहीरपणे सांगावे लागले. देशाला ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवून देणाऱ्या सैनिकाला आपल्या निष्ठेचा पुरावा द्यावा लागतो! पहारा सुरू होतो मोहदच्या मुसलमानापासून, आणि थांबत मात्र तेथे नाही.

कार्यकर्त्यांनी या प्रकरणी स्वतःच्या चुकीचीही कबुली दिली पाहिजे. खेळ म्हणजे लोकांना मूळ प्रश्नांपासून दूर नेणारी करमणूक, असे मानून आपल्यातील अनेकांनी मैदानाकडे पाठ फिरविली. मोकळे राहिलेले मैदान द्वेषाच्या व्यापाऱ्यांनी बळकावले. गल्लीतल्या कबड्डी मंडळात, तालमीत, गावच्या क्रिकेट स्पर्धेत आज आपला माणूस कोठे दिसतो? प्रेक्षक काही संत नसतो. चेपॉकनंतर तीनच आठवड्यांत कलकत्त्यात प्रेक्षकांना हुसकून रिकाम्या मैदानावर भारत-पाकिस्तान सामना संपवावा लागला होता, हेही खरेच आहे. समुदाय चेपॉकचा होणार की कलकत्त्याचा, हे त्याच्यात वावरणारी माणसे ठरवतात.

म्हणून यापुढे आपल्या भागात जेव्हा केव्हा सामना असेल, तेव्हा आपण तेथे असले पाहिजे. आपला संघ जिंकावा असे मनापासून वाटू द्यावे, आणि समोरच्याने मारलेला सुरेख फटका पाहून हात आपोआप वर आले तर ते खाली घेऊ नयेत. शेजारी बसलेल्या एखाद्या मुसलमान तरुणाचे हात भीतीने मांडीवरच राहिले असतील, तर आपली टाळी प्रथम वाजली पाहिजे.