गोष्टीतली चेटकीण आणि शेजारची म्हातारी

गोंडपिपरी, राजुरा, जिवतीपासून थेट एटापल्ली-भामरागडपर्यंतच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात एखादं लेकरू अचानक दगावलं, की ‘काय झालं होतं?’ या प्रश्नाच्या मागोमाग ‘कोणी केलं?’ हा प्रश्न येतो. या दुसऱ्या प्रश्नाचा शेवट कुठे होतो, ते जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दमध्ये 21 ऑगस्ट 2021 रोजी दिसलं. भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण केली. त्यांत म्हाताऱ्या बाया होत्या. 1 मे 2024 रोजी एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात तर एक बाई आणि एक पुरुष यांना जादूटोणा करतात म्हणून मारहाण करून जाळून टाकलं. पकडलेल्या पंधरा जणांत त्या बाईच्या घरचीही माणसं होती.

असं काही घडलं की शहरातून ठरलेलं उत्तर येतं: आदिवासींचं अज्ञान. हे उत्तर खोटं आहे. वणी खुर्द ज्या जिवती तालुक्यात आहे, तिथे मराठवाड्यातून येऊन वसलेल्यांची संख्या मोठी, आणि भानामतीचं भय मराठवाड्यातही तितकंच जुनं. जंगलाचाही यात दोष नाही. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली. त्यांतल्या बहुतेकांचे निकाल रीतसर न्यायालयांनी दिले होते आणि ते लिहिणारे शिकलेले लोक होते. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली एकोणीस जणांना फासावर चढवलं, तेही खटला चालवूनच.

दुसरा पक्ष माझ्या जवळच्या माणसांचा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, ही आमची लोकसंस्कृती आहे. आमचे पेन म्हणजे आमचे देव, आमची देवराई, वाटेवरचा वाघदेव, पेरणीआधीची पूजा, यांतलं एक काढलं की सगळंच उसवतं. बाहेरच्यांनी आधी जंगल नेलं, भाषा हिणवली, आता देवही नेणार का? यातला राग खरा आहे आणि त्याला आधार आहे. वाघदेवाला हात जोडून रानात शिरणारा माणूस कुणाचंही वाईट करत नाही. देवाच्या नावाने राखलेल्या राईत झाडं टिकली आहेत. चेटकिणीच्या, राव-भुतांच्या गोष्टी शेकोटीभोवती पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या माझ्या मते जपायलाच हव्यात. पण गोष्टीतली चेटकीण कुणाच्या शेजारी राहत नाही. तिला शेत नसतं, सून नसते, दीर नसतो. ज्या क्षणी गाव त्या गोष्टीत एखाद्या जिवंत बाईचं नाव घालतं, त्या क्षणी ती लोककथा राहत नाही, तो आरोप होतो. आणि या आरोपाविरुद्ध पुरावा देताच येत नाही. तिने ‘मी केलं नाही’ म्हटलं तर ती लपवते आहे, गप्प राहिली तर कबूल आहे.

‘पण पुजाऱ्याने दाणे पाहून बरोबर ओळखलं,’ असं सांगतात. दाणे कसे पाहतात ते नीट बघा. सुपात तांदूळ पडतात. पुजारी म्हणतो, बाई आहे. मग म्हणतो, घर जवळच आहे. मग म्हणतो, तुमचं तिच्याशी कधीतरी वाजलं होतं. पुजाऱ्याने अजून एकही नाव घेतलेलं नसतं. ते नाव समोर बसलेल्या दुःखी बापाच्या तोंडून येतं, आणि येतं ते बहुधा बांधाच्या भांडणातल्या विधवेचं किंवा मागे कुणी पाठीराखा नसलेल्या म्हातारीचं. भानामतीचंही तसंच. अंगावर आपोआप फुल्या उमटतात म्हणतात. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की ती भाजते, काळी पडते, फोड येतात. हा बिब्बा आपल्याच रानात मिळतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे श्याम मानव आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी अशी कित्येक प्रकरणं शोधून काढली. दर वेळी त्यामागे माणसाचाच हात निघाला, आणि अनेकदा तो घरातल्याच एखाद्या कोंडलेल्या, त्रासलेल्या जीवाचा होता.

‘शाळा आली की हे जाईल’ ही आशा मात्र मला अपुरी वाटते. इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने 1937 साली आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर लिहिलेल्या पुस्तकात एक गोष्ट नोंदवली आहे. धान्याची कोठी कोसळली तर तिचे खांब वाळवीने खाल्ले होते हे त्या लोकांना ठाऊक असतं. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की, नेमका हाच माणूस खाली बसला असताना ती का पडली? आपल्याकडचा बापही तेच विचारतो. शेजारच्याची तिन्ही पोरं धडधाकट, माझीच दोन का गेली?

या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते त्याच्या दारापर्यंत कुणी नेत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत गोंड-माडियांत आणि इतरही अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-बाप दोघेही वरून ठणठणीत, पण दोघांच्याही रक्तात हा दोष असेल तर प्रत्येक खेपेला लेकराला तो आजार होण्याची चारांत एक अशी भीती असते. तान्ह्याच्या हातापायांची बोटं सुजतात, पुढे सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, साधा ताप जिवावर बेततो. एकाच घरात दोन लेकरं जाणं यात करणी कुठेही नाही. रक्ताची एक चाचणी हे सांगते.

मग मांडायचं ते काय? आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा या बाबतीत शहाणा आहे. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते, जनावराचं दूध आटतं, असं पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणं हाही गुन्हा आहे. यात्रा, भजन, पूजा, परंपरेने आलेली विद्या यांना मात्र हा कायदा हात लावत नाही. धाबा गावच्या कोंडय्या महाराजांची यात्रा भरते, भरत राहील. देव जातील ही भीती घालणाऱ्यांनी कायदा वाचलेला नाही.

आणि देवाला सोबत घेऊनही औषध देता येतं. गडचिरोलीतल्या शोधग्रामला डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारून दवाखाना झोपड्यांच्या रूपात उभारला, त्याला दंतेश्वरी मातेचं नाव दिलं. त्यांनीच गडचिरोलीतल्या 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. त्या बाया गावच्याच, बोली गावची, म्हणून त्यांचं ऐकलं गेलं.

माझी मागणी यातूनच येते. गावात लेकरू दगावलं की दाणे पडण्याआधी आशाताईने आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या घरी जावं, गोंडी किंवा माडिया जाणणारं माणूस बरोबर घ्यावं आणि मरणाचं कारण घरच्यांना बसून सांगावं. घरच्यांची हरकत नसेल तर ग्रामसभेतही सांगावं. त्याच आठवड्यात आई-बापाची आणि उरलेल्या भावंडांची सिकलसेल तपासणी व्हावी. गावात एखाद्या बाईच्या नावाची कुजबुज कानावर आली की पोलीस पाटलाने मार पडायची वाट न बघता ठाण्यात कळवावं. पुजाऱ्यालाही या बैठकीला बोलवावं. तो गावचाच आहे, आणि त्याने ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हटलं तर ते आमच्या लेखापेक्षा लवकर ऐकलं जाईल.